पाल्याचा आवाज

आभाळ नऊ दिवस उघडले नव्हते आणि ओसरीवर पसरलेला कडुनिंबाचा पाला वाळत नव्हता. सून सकाळ-संध्याकाळ तो हाताने वरखाली करी. एरवी चौथ्या दिवशी जी पाने बोटांना टोचू लागत, ती आज नवव्या दिवशीही तळव्याला गार लागत होती. ढिगाच्या खालची काही काळी पडली होती. ती वेचून सून गोठ्यापाशी नेऊन टाकी. निदान डासांवर धुरी करायला तरी होतील.

पाला उन्हात टाकता येत नसे. उन्हाने त्याचा कडूपणा उडतो आणि मग किडा त्याला जुमानत नाही. तो सावलीतच, वाऱ्यावर वाळायला हवा. पण वाराही पडलेला होता. ओसरीच्या चटया ओलसर झाल्या होत्या, मिठाला पाणी सुटले होते आणि आतल्या खोलीत अकरा रांजण तोंडे उघडी ठेवून वाट बघत होते.

हे घर बियाणे राखण्याचे होते. सुगी संपली की आसपासची दहा घरे पुढच्या पेरणीची चवळी आणि मूग इथे आणून देत. रांजणात चार बोटे दाणा, त्यावर बोटभर पाला, पुन्हा दाणा, पुन्हा पाला, असे तोंडापर्यंत भरायचे, वर झाकण ठेवून शेणमातीने लिंपायचे. ते लिंपण पेरणीच्या आधी मालकानेच येऊन फोडायचे. मालक नसताना रांजण उघडणे ही या घरात चोरीच समजली जाई. चाळीस वर्षांत सासऱ्याने राखलेल्या दाण्याला भोक पडल्याचे कोणी पाहिले नव्हते. राखणावळ म्हणून रांजणामागे दोन मापे दाणा घरात राही. सुनेचा नवरा ट्रकवर होता. तो महिना-दोन महिन्यांनी येई, आणि तोवर घर त्या दाण्यावर चाले.

पाला वाळला की नाही, हे सासरा कानाने ठरवी. मूठभर पाला घेई, मूठ कानाशी नेई आणि हळूहळू आवळी. पुरता वाळलेला पाला फुटताना बारीक कुरकुरतो. आत ओल राहिली असेल तर तो नुसता दबतो, आवाज करत नाही. हे त्यानेच सुनेला शिकवले होते, ती लग्न होऊन आली त्या वर्षी. तेव्हा तो तिच्या कानाशी मूठ धरून विचारी, "काय म्हणतोय?" आणि ती बरोबर सांगे.

पण गेली दोन वर्षे तो रोज सकाळी तोंड धुऊन झाले की तिच्यापुढे येऊन बसे आणि मान कलती करी. ती निंबोळीचे तेल पळीत कोमट करून त्याच्या कानांत दोन-दोन थेंब सोडी. कान ठणकतो, असे तो म्हणे. ठणका वगैरे काही नव्हता. त्याच्या पाठीमागे पातेले पडले तरी त्याची मान वळत नसे. उजव्या कानाने, अगदी जवळून बोलले तर, थोडे ऐकू येई. चारचौघांत तो ओठांकडे बघे आणि अंदाजाने हसे किंवा मान हलवी. सुनेने हे नवऱ्यालाही सांगितले नव्हते. म्हाताऱ्याने तसे कधी बजावले नव्हते, पण तेल पुसताना तो ज्या नजरेने तिच्याकडे बघे, ती पुरेशी होती.

आभाळ भरून आले त्याच पंधरवड्यात, निंबोळ्यांच्या बिया फोडताना, तो सहज बोलल्यासारखे बोलला होता. "पुढच्या सालापासून रांजण तुझे. मी नुसता ओसरीवर बसेन."

तिने ते कोणाजवळ काढले नाही. पण त्या दिवसापासून झाडलोट करताना ती मनात रांजणांच्या जागा बदलून बघू लागली. दहा वर्षांत या दारात येणारा प्रत्येक माणूस "बाबा आहेत का?" एवढेच विचारत आला होता.

दहाव्या दिवशी सकाळीच सुतार आणि विहिरीवाली आले. विहिरीवाली म्हणजे विहिरीपलीकडच्या वावरात एकटीच कसणारी, एकटीच राहणारी बाई. तिने ओंजळ उघडून दाखवली. चवळीच्या तीन दाण्यांना टाचणीएवढी भोके होती आणि एका भोकातून भुंगेऱ्याचे डोके बाहेर आले होते. सुतारही दाणा लवकर भरा हेच सांगायला आला होता, पण त्याच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. सुनेने पाल्याचे पाणी उकळून आणले आणि ती त्याची जखम धुऊ लागली. तो ओठ घट्ट मिटून बसला. मग म्हणाला, की फळी तासायला गेलो आणि अंगठा तासला; हाड मात्र चांगल्या लाकडाचं निघालं, रंधा अडकला.

म्हाताऱ्याने मूठभर पाला उचलला. मूठ कानाशी नेली, डोळे मिटले. सून दोन हातांच्या अंतरावर बसली होती. मूठ आवळली गेली. तिला काही ऐकू आले नाही.

"झाला," म्हातारा म्हणाला. "भरायला घ्या."

सून हळूच म्हणाली, "मामंजी, अजून दोन दिवस जाऊ द्या." त्याने लक्ष दिले नाही, तेव्हा तिने त्याच्या समोर येऊन तेच पुन्हा सांगितले. "आवाज नाही आला."

ते त्याला ऐकू आले की ओठांवरून कळले, कोण जाणे. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो तिच्याशी न बोलता सुताराकडे वळला. "हा पाला वाळवता वाळवता माझे दात पडले. आणि ही मला आवाज सांगते."

सुतार हसला. सुनेचा कान फार तिखट आहे, बाबा, जपून राहा, असे काहीतरी म्हणाला. विहिरीवाली मात्र हसली नाही. तिने ओंजळ सुनेच्या तोंडासमोर धरली.

"दोन दिवस थांब म्हणतेस ना? मग या किड्याला सांगून ये तू."

आता सगळेच हसले, म्हाताराही. सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिच्या ओठांवर अजून एक वाक्य होते, पण ते सांगितले असते तर पुढचे सगळेच सांगावे लागले असते. आणि ते सांगितल्यावर रांजण कोणाचे, हा प्रश्न उरलाच नसता. तिने सुताराच्या अंगठ्याला नवी चिंधी बांधली, हात धुतले आणि आतून माप आणले.

तीन दिवस ती भरत होती. रांजणात खांद्यापर्यंत हात घालून थर सारखे करायचे. पाल्याची भुकटी घशात, नाकात, पापण्यांत जाई. पाणी प्यायले तरी कडू लागे. पाच वर्षांची मुलगी तिच्या हातचा घास घेईना. तोंड फिरवून म्हणे, तुझं बोट कडू आहे. तिसऱ्या दिवशी दहा रांजण भरून झाले. तिने शेणमाती कालवली. विहिरीवालीचा रांजण लिंपताना तिचा हात एकदा थांबला. मग तिने ओल्या मातीवर अंगठा फिरवून कड सारखी केली आणि पुढच्या रांजणाकडे सरकली.

घरचा रांजण नेहमी शेवटी भरला जाई. लोकांचे आधी, आपले मागून, हा त्या घराचा नियम होता आणि म्हाताऱ्याला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी दुपारी वारा सुटला, संध्याकाळपर्यंत आभाळ मोकळे झाले. ओसरीवर उरलेला पाला पुढच्या दोन दिवसांत इतका सुरेख वाळला की तो गोळा करताना हातात फुटू लागला. सुनेने तो घरच्या रांजणात भरला.

महिना-दीड महिना गेला. एकदा खोली झाडताना तोल सावरायला म्हणून तिने विहिरीवालीच्या रांजणावर हात टेकला आणि तो तसाच राहिला. रांजण कोमट होता. बारीक ताप असलेल्या मुलाच्या पोटासारखा. तिने दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळे तसेच. घरचा तेवढा गार होता.

म्हाताऱ्याच्या उजव्या कानाशी जाऊन तिने सांगितले. तो आला, त्याने तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

"खोलीच उबदार आहे," तो म्हणाला.

एक तरी उघडून बघू, असे ती म्हणाली. मालक नसताना कसा उघडायचा, असे त्याने विचारले. मग मालकालाच बोलवा, अजून दाणा उपसून वाळवता येईल, ती म्हणाली. तो खाली बसला. त्याने पायाच्या नखाने जमीन उकरली.

"बोलावलं की संपलं. पुढच्या वर्षी इथे कोण येईल?" मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "रांजण तुझेच व्हायचेत ना?"

तिने केरसुणी उचलून उरलेली खोली झाडून घेतली.

नवरा दोन दिवसांसाठी आला तेव्हा तिने त्याला सांगून पाहिले. तो मागच्या दारी कडुनिंबाची काडी चावत उभा होता. काडीचे धागे थुंकून टाकत तो म्हणाला, की बाबांनी माझ्या जन्माआधीपासून हे केलंय, तू त्यात कशाला बोट घालतेस? तिने आणखी सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात त्याला ट्रकच्या टायरची आठवण झाली.

पेरणीच्या तोंडावर लोक आले. पहिला रांजण विहिरीवालीचा. लिंपण तिने फोडले, सुताराने झाकण उचलले आणि मान मागे घेतली. वास खोलीभर पसरला, ओल्या चामड्यासारखा. विहिरीवालीने हात आत घातला. तिच्या हातात दाणे आले नाहीत, गठ्ठा आला, बुरशीच्या करड्या लवेने भरलेला. तिने तो फोडला. मधल्या काही दाण्यांना आतल्या आतच मोड फुटले होते आणि ते पांढरे होऊन सुकले होते. ती तो गठ्ठा तळहातावर घेऊन खाली बसली. दुसरा रांजण उघडला, तिसरा उघडला. पाचव्यानंतर कोणी नाकाला हात लावेना.

मग सुतार म्हणाला, "घरचा फोडा."

घरच्या रांजणातून पाल्याचा कोरडा, कडू वास आला. वरचा थर बाजूला केला तर चवळी कालच झोडपल्यासारखी चकचकीत. सुताराने मूठभर दाणे घेतले आणि परत सोडले. ते आत पडताना खळखळले. खोलीत तेवढाच आवाज होता.

विहिरीवालीने बसल्या जागेवरून विचारले, "याचा पाला निराळा होता का?"

याचे उत्तर सरळ होते. आभाळ कधी उघडले, कोणाचा रांजण कधी भरला, पाला झाला असे कोणी सांगितले. सुनेने म्हाताऱ्याकडे पाहिले. तो एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत होता, जणू तिथे काय लिहिले आहे ते वाचत होता.

"पाला सूनबाईच वाळवते," तो म्हणाला. "भरते तीच, लिंपते तीच. माझं वय झालं. मी कुठे कुठे बघणार?"

यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

"घरचा रांजण बरा ओळखू आला तिला," विहिरीवाली म्हणाली.

"मी सांगितलं होतं," सून म्हणाली. "तुमच्यासमोरच सांगितलं होतं, दोन दिवस थांबा म्हणून."

सुतार आपल्या अंगठ्यावरचा व्रण चोळू लागला. विहिरीवालीने मात्र तिच्याकडे नीट पाहिले.

"सांगितलं होतंस. मग भरलास कशाला?"

याचे उत्तर सुनेला आजही सापडलेले नाही.

घरचा रांजण तिथेच पालथा करून दहा घरांत वाटला. कोणाच्याही पाव वावराला पुरेल एवढा तो नव्हता. विहिरीवालीचे निम्म्याहून जास्त रान तसेच पडून राहिले आणि ती या वयात दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जाऊ लागली. सूनही जाऊ लागली, कारण राखणावळ नव्हती. पहिल्याच दिवशी बांधावरून एक बाई मुकादमाला ओरडून म्हणाली, हिला पेरायला देऊ नका, खुरपायला चालेल. ओळीतल्या बायका हसल्या. विहिरीवाली त्याच ओळीत चार हातांवर होती. तिने खुरपे थांबवले नाही.

परसातल्या कडुनिंबाचा पाला औषधाला न्यायला येणारे लोक आता हाक मारत नसत. मागच्या मागे डहाळी मोडून नेत. आधी गरोदर बाई अंग खाजते म्हणून आली, तर सून तिला पाला उकळून अंघोळीचे पाणी करून देई, किती वेळ झाकून ठेवायचे ते सांगे. आता अशीच एक बाई अंगावर खरूज उठलेले पोर घेऊन दारात आली, तिने आत डोकावून पाहिले आणि विचारले, "बाबा नाहीत?" नाहीत म्हटल्यावर, मग नंतर येते, असे म्हणून पोराला तसेच खाजवत घेऊन गेली.

म्हातारा मात्र रोज सकाळी येऊन मान कलती करी आणि सून थेंब सोडी. त्याने आताशा तिच्या ताटाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली होती. जेवलीस का, असे विचारी आणि उत्तर ऐकू येत नसल्यामुळे तिचे तोंड हलते की नाही ते बघे.

पुढची सुगी कोरडी गेली. हवा मोकळी, वारा चांगला. एके दिवशी सुतार येऊन म्हाताऱ्याजवळ बराच वेळ बसला. दुकानातले औषध लावलेले बियाणे लोकांना परवडले नव्हते. उद्या सगळे आपापला दाणा घेऊन येतील, बाबांच्या हातावर कोणाचा राग नाही. फक्त सुनेचा हात त्याला लागता कामा नये, असा निरोप त्याने आणला होता. तो गेल्यावर म्हातारा आत आला. सकाळची वेळ नव्हती, तरी तो तिच्यापुढे बसला.

"मी ओसरीवर बसतो," तो म्हणाला. "तू आतल्या खोलीत वाळव. कोणाला दिसणार नाही. मी मूठ धरली की तू दारामागून कान देऊन ऐक. आवाज झाला तर मला खूण कर."

तो हे पहिल्यांदाच बोलला होता. सुनेने हातातले भांडे खाली ठेवले. ती त्याच्या उजव्या कानाशी गेली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगा. मागच्या वर्षी मूठ तुमची होती, एवढंच सांगा. बाकी काही सांगू नका. मग मी जन्मभर राखते."

त्याला सगळे ऐकू आले. तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

"या वयात?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लोक आले. गोण्या ओसरीवर टेकल्या गेल्याचे सुनेने आतूनच ऐकले. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. तिला पुढ्यात घेऊन सून तिच्या केसांना निंबोळीचे तेल चोळत होती आणि मुलगी वासाने कुरकुरत होती. बाहेर सुतार काही बोलला, कोणी चहाचे नाव काढले. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता.

"आता हे माझ्याच्याने होत नाही. डोळ्यांना दिसत नाही. तुमचा दाणा तुम्ही परत न्या."

सुनेचे बोट मुलीच्या केसांत थांबले. मग सुतार म्हणाला, "बाबा, सुनेला तरी नीट शिकवायचं होतं."

"शिकवलं," म्हातारा म्हणाला. "तिच्या हाताला ते नाही."

सुनेने मुलीला बाजूला सारले आणि ती तशीच, तेलाच्या हातांनी, ओसरीवर आली. सात-आठ जण होते. विहिरीवाली खांबाला टेकून बसली होती, पुढ्यात अर्धी भरलेली गोणी. सून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"काकू, चवळी ठेवा इथे. मी राखते. पाला या ओसरीवरच वाळवते, तुम्ही रोज येऊन बघा. मूठ तुमच्या कानाशी धरते. तुम्ही झाला म्हणाल तेव्हाच भरीन."

विहिरीवालीने पायाने गोणी आपल्याकडे ओढली. त्यात राग नव्हता. "नको गं बाई," ती म्हणाली. "एवढीच उरलीय."

बाकीचे गोण्यांकडे बघत राहिले. म्हातारा एकदा सुनेकडे, एकदा विहिरीवालीकडे बघत होता. सून त्याला पाठमोरी होती, तिचे ओठ त्याला दिसले नव्हते. चारचौघांत तो कधी असे विचारत नसे, पण या वेळी त्याने विचारले.

"काय म्हणाली ती?"

सुतार उठला. तो डाव्या बाजूला बसला होता. तिथून वळसा घालून तो म्हाताऱ्याच्या उजव्या बाजूला गेला, उकिडवा बसला, तोंडाभोवती तळव्याचा आडोसा केला आणि एकेक शब्द सुटा करून त्या कानात म्हणाला, "ती म्हणते, मी राखते."

कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. त्याचे सांगून होईपर्यंत सगळे थांबले, रोजच्या गोष्टीसाठी थांबावे तसे. उजव्या कानाने अजून थोडे ऐकू येते, हे सुनेने आजवर कोणालाही सांगितले नव्हते.

विहिरीवालीने तोवर गोणीचे तोंड बांधून घेतले होते.